शुक्रावरील ‘जोशी’ विवर

शुक्राच्या नकाशावर विषुववृत्ताजवळ सुमारे ३४ किलोमीटर व्यासाचे एक आघातविवर आहे. त्याचे नाव ‘जोशी’. शुक्रावरील २० किलोमीटरहून मोठ्या विवरांना दिवंगत कर्तबगार स्त्रियांची नावे देण्याचा आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघाचा संकेत आहे. त्यानुसार हे विवर डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या नावाने ओळखले जाते.

३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या आनंदीबाई माहेरच्या यमुना. हे घराणे कल्याणचे. वयाच्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या, सुमारे वीस वर्षांनी मोठ्या असलेल्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. पत्नीने शिकलेच पाहिजे, हा गोपाळरावांचा आग्रह अनेकदा जाचक ठरला. पण पुढे शिक्षण हाच आनंदीबाईंचा ध्यास बनला. चौदाव्या वर्षी झालेला मुलगा अवघ्या दहा दिवसांत दगावला. पुरुष डॉक्टरांसमोर जाण्याच्या संकोचापायी स्त्रिया उपचारांना मुकतात, हे ओळखून त्यांनी डॉक्टर होण्याचा निश्चय केला.

टीकेला न जुमानता, फेब्रुवारी १८८३ मध्ये बंगालमधील सेरामपूर येथे जाहीर भाषण करून त्यांनी आपली भूमिका मांडली. एप्रिलमध्ये पतीविना त्यांनी कलकत्त्याहून अमेरिकेकडे प्रस्थान ठेवले. तेथे न्यू जर्सीतील श्रीमती कार्पेंटर यांनी त्यांना मायेचा आधार दिला. फिलाडेल्फियातील महिला वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी प्रवेश घेतला. परक्या देशातील थंडी आणि आहाराची आबाळ यांनी प्रकृती ढासळत गेली, तरी अभ्यास थांबला नाही. हिंदूंमधील प्रसूतिशास्त्रावर प्रबंध लिहून ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी एम.डी. पदवी मिळवली. या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या.

कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागाच्या प्रमुखपदी त्यांची नियुक्ती झाली होती. मात्र १८८६ च्या अखेरीस मायदेशी परतल्या तेव्हा क्षयाने त्यांना पुरते ग्रासले होते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बाविशी पूर्ण होण्याआधीच, पुण्यात त्यांचे निधन झाले.

त्यांचा रक्षाकलश कार्पेंटर कुटुंबाकडे पाठवण्यात आला. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथील दफनभूमीत त्यांची स्मृतिशिला आहे. १९९० ते १९९४ या काळात ‘मॅगेलन’ यानाने रडारच्या साह्याने ढगांआडच्या शुक्राचा सविस्तर नकाशा तयार केला. त्या नकाशावर आज त्यांचे आडनाव कायम आहे. ज्या रुग्णसेवेसाठी आनंदीबाईंनी हे सारे सोसले, ती मात्र त्यांच्या हातून घडू शकली नाही.