शिरोड्याचे खांडेकर मास्तर



या स्मरणिकेत आपल्या शाळेच्या आठवणी भरपूर असणार, म्हणून मी जरा वेगळ्या शाळेतल्या एका मास्तरांबद्दल लिहितो आहे. वि. स. खांडेकर हे नाव आपल्याला 'ययाति'मुळे ठाऊक. ग्रंथालयाच्या तासाला त्या कादंबरीसाठी नंबर लावणारे आपल्यात बरेच निघतील. पण ज्ञानपीठ मिळवणारे हे पहिले मराठी लेखक तब्बल अठरा वर्षे कोकणातल्या एका खेड्यातल्या शाळेत शिकवत होते, ही गोष्ट मागे पडते. मला वाटते, त्यांच्या लेखनातले बळ आणि दुबळेपण दोन्ही तिथूनच आले.

जन्म सांगलीचा, ११ जानेवारी १८९८. जन्मनाव गणेश आत्माराम खांडेकर. सांगली म्हणजे देवलांचे गाव, नाटकांचे वेड हवेतच होते. मुलगा अभ्यासात हुशार. वडील लवकर गेले आणि घरावर ओढग्रस्तीचे दिवस आले. मॅट्रिकनंतर फर्ग्युसन कॉलेजात गेल्यावर राम गणेश गडकऱ्यांचा सहवास लाभला. गडकऱ्यांसारखे आपणही नाटककार व्हावे, असे स्वप्न पडणे त्या वयात साहजिक होते. पुढे त्यांनी 'रंकाचे राज्य' हे नाटक लिहिलेही, पण रंगभूमी काही त्यांची झाली नाही.

१९१६ मध्ये सावंतवाडीजवळच्या नानेलीच्या चुलत्यांना ते दत्तक गेले आणि गणेश आत्मारामाचे विष्णू सखाराम झाले. आपल्याकडे दत्तक जाणे म्हणजे नशीब उघडणे, असे समजतात. इथे उलटे घडले. कॉलेजचे शिक्षण अर्ध्यावर सुटले, पुणे सुटले आणि मुलगा कोकणात येऊन पडला. पदवी नाही, प्रकृती नाजूक, डोळे अधू. अशा स्थितीत १९२० साली त्यांनी शिरोड्याच्या शाळेत नोकरी धरली.

शिरोडा तेव्हा आडगावच. समुद्र, माडांच्या बागा, मिठागरे आणि गोव्याची हद्द हाकेच्या अंतरावर. शाळा नवी, पैशाची कायमची तंगी. खांडेकर तिथे नुसते शिकवत नव्हते. पुढे ते मुख्याध्यापक झाले आणि शाळा उभी करण्याची उस्तवारही त्यांच्याकडेच आली. आपल्या मुख्याध्यापकांची धावपळ आपण पाहिली आहे. दिवसभर तसे राबल्यावर रात्री कंदिलाजवळ बसून गोष्ट लिहायला किती त्राण उरत असेल, याचा अंदाज इथे बसलेल्या सरांना आणि बाईंना माझ्यापेक्षा जास्त येईल. सुरुवातीला ते कविता, टीका आणि विनोदी लेख लिहीत. कवितेखाली 'कुमार' असे टोपणनाव असे. कथेकडे ते वळले १९२३ च्या सुमारास, आणि पहिली कादंबरी 'हृदयाची हाक' १९३० साली आली. तेव्हा त्यांनी तिशी ओलांडली होती.

म्हणजे शिरोड्याची पहिली दहा वर्षे कादंबरीविना गेली. ती वाया गेली, असे मात्र मी म्हणणार नाही. शाळामास्तराला गाव जसे आतून दिसते, तसे ते पुण्यामुंबईच्या लेखकाला दिसत नाही. फी कुणाची थकली, कुणाचा बाप मुंबईला गिरणीत आहे, कुणाच्या घरी दुपारची चूल पेटली नाही, हे हजेरीपट चाळताना कळते. त्यात मे १९३० मध्ये शिरोड्याच्या मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला. देशभर पेटलेली गोष्ट थेट त्यांच्या गावच्या दारात आली. यानंतर 'कांचनमृग', 'दोन ध्रुव', 'उल्का' अशा कादंबऱ्या एकामागून एक निघाल्या. 'दोन ध्रुव' हे नावच बघा. श्रीमंती आणि गरिबी यांच्यातले अंतर त्यांनी पुस्तकात वाचलेले नव्हते, रोज वर्गात बाकांवर बसलेले पाहिले होते.

आता थोडे उणे-दुणे. खांडेकरांच्या कादंबरीत मास्तर कधीच पूर्ण गप्प बसत नाहीत. पात्र बोलते आहे असे वाटता वाटता लेखकच फळ्याजवळ येऊन उभा राहतो. उपमा आणि सुभाषितवजा वाक्ये तर इतकी, की कधी कधी गोष्ट त्यांच्याखाली दबून जाते. ना. सी. फडके 'कलेसाठी कला' म्हणणारे आणि खांडेकर 'जीवनासाठी कला' म्हणणारे, हा वाद आपल्याला पेपरात यायचा आणि पाच गुणांपुरता आपण तो पाठही केला होता. गंमत म्हणजे, पुढे कित्येक वर्षे हे दोघेही एकाच कोल्हापुरात राहत होते. कारागिरी पाहायची तर मी फडक्यांकडे जाईन. पण फडक्यांचा नायक पुस्तक मिटल्यावर फारसा त्रास देत नाही, खांडेकरांचा देतो. ही माझी आवड झाली. तुमचे मत वेगळे असेल, तर स्नेहभोजनाच्या वेळी भांडू.

१९३६ मध्ये मास्टर विनायकांनी खांडेकरांच्या कथेवर 'छाया' हा बोलपट काढला आणि सिनेमाचे दार उघडले. १९३८ साली शिरोडा सोडून ते कोल्हापूरला गेले. पटकथा, भराभर कादंबऱ्या, १९४१ मध्ये सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद, असे सगळे आले. आणि नेमके त्याच्यानंतर, १९४२ च्या 'क्रौंचवध'पासून दहाएक वर्षे त्यांची नवी कादंबरी आली नाही. लेखणी थांबली नव्हती. लघुनिबंध, रूपककथा, प्रस्तावना चालूच होत्या. पण ज्या ध्येयवादावर त्यांचे नायक उभे होते, तो युद्धात, फाळणीत आणि स्वातंत्र्यानंतरच्या काळ्या बाजारात पार विस्कटला होता. आपल्या मनातला माणूस बाहेर कुठे दिसेनासा झाला, तर लेखकाने काय लिहायचे? कथालेखकाच्या वाट्याला येणारी ही सगळ्यात कठीण कोंडी असावी. पैशाची तंगी त्यापुढे बरी म्हणायची.

त्यातून ते बाहेर आले ते महाभारतातली गोष्ट हाती घेऊन. 'ययाति' १९५९ साली प्रसिद्ध झाली. भोगाने न भागणारा राजा, मानी देवयानी, सोसणारी शर्मिष्ठा आणि संयमी कच. यातल्या ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठेला त्यांनी आपापली कहाणी स्वतःच्या तोंडाने सांगू दिली. मास्तर इथेही आहेत, पण ययातीच्या तोंडी कबुली असल्यामुळे त्यांना थोडे मागे उभे राहावे लागले आहे. म्हणून ही कादंबरी टिकली, असा माझा समज आहे. १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला, पुढे १९७४ चे ज्ञानपीठही.

लेखकाचा आनंद पुरस्कारात किती असतो, कोण जाणे. खांडेकरांच्या बाबतीत तो दूरच्या वाचकांत जास्त होता, असे दिसते. का. श्री. श्रीनिवासाचार्यांच्या अनुवादांमुळे तमिळ घरांत ते इतके रुळले, की तिकडच्या अनेकांना ते आपलेच लेखक वाटत. गुजरातीतही तसेच.

शेवटच्या वर्षांत दृष्टी गेली. ते सांगत आणि दुसरे कुणी लिहून घेई. ज्या माणसाने आयुष्यभर मुलांना शुद्धलेखन घातले, तो आता स्वतःच मजकूर सांगत होता आणि कागदावर काय उतरले, हे त्याला पाहता येत नव्हते. २ सप्टेंबर १९७६ रोजी ते गेले. 'एका पानाची कहाणी' हे त्यांचे आत्मचरित्र त्यांच्या मागे प्रसिद्ध झाले.

पुढच्या मेळाव्याला गोव्याची सहल ठरते आहे, असे ऐकतो. तसे असेल तर वेंगुर्ल्याहून आरवली, शिरोडा, रेडी असा किनाऱ्याचा रस्ता धरू. वाकडी वाट होईल, पण फार नाही. शिरोड्यात गाडी अर्धा तास थांबवा, आणि आपल्या सरांना व बाईंना पुढच्या सीटवर बसवा.