जी. एन. जोशी : तीन मिनिटांच्या तबकडीपासून 'कॉल ऑफ द व्हॅली'पर्यंत

जुन्या एलपी रेकॉर्ड जमवणाऱ्यांच्या घरी 'कॉल ऑफ द व्हॅली' बहुधा असतेच. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया आणि गिटारवर ब्रिजभूषण काब्रा. ही नावं आज सगळ्यांना ठाऊक आहेत. पण १९६७ साली या तरुणांना एकत्र आणून ही रेकॉर्ड काढणारे जी. एन. जोशी मात्र फारसे आठवले जात नाहीत. स्टुडिओच्या काचेमागे बसणारा हा माणूस मूळचा विदर्भातला गायक आणि वकील होता.

वकिली सोडून गाण्याकडे

जोशींचा जन्म १९०९ सालचा. नागपुरात शिकून त्यांनी वकिलीची पदवी घेतली. पण आवाज गोड आणि ओढ गाण्याची. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे हेही पेशाने वकीलच. त्यांची 'शीळ' ही कविता जोशी गात असत. १९३२ च्या सुमारास एचएमव्हीने जोशींच्या आवाजात तिची रेकॉर्ड काढली आणि ती घराघरांत पोहोचली. नाटकातलं पद नाही, भजन नाही, लावणीही नाही. नुसती एक कविता चालीवर म्हटलेली. मराठी भावगीताची सुरुवात याच रेकॉर्डपासून झाली असं मानलं जातं. पुढे गांधारी हनगल, म्हणजेच गंगूबाई हनगल, यांच्याबरोबर त्यांनी गायलेली द्वंद्वगीतंही लोकप्रिय झाली.

१९३८ साली एचएमव्हीने त्यांना नोकरीच देऊ केली. जोशींनी ती पत्करली. आता स्वतः गाण्यापेक्षा इतरांना गाऊ देणं, हे त्यांचं काम झालं.

तीन मिनिटांत राग कसा मावणार?

त्या काळची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घ्यायची. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मिळत. मैफलीत तास-तासभर राग मांडणाऱ्या गवयाला तो एवढ्या वेळात आटोपायला सांगणं अवघड होतं. अनेक उस्ताद रेकॉर्डिंगला राजीच होत नसत. त्यांची समजूत काढणं, कलाने घेणं, मूड लागेपर्यंत थांबणं हे सगळं जोशींकडे आलं. स्वतः गाणारे असल्यामुळे ही अडचण ते जाणून होते.

काय पणाला लागलं होतं, हे दोन उदाहरणांतून कळतं. द. वि. पलुस्कर १९५५ साली, वयाच्या अवघ्या ३४ व्या वर्षी गेले. भारतात एलपी रुजण्याआधीच. त्यामुळे कंपनीच्या रेकॉर्डवर त्यांचं जे गाणं राहिलं, ते मुख्यतः तीन-तीन मिनिटांच्या तुकड्यांत. उलट उस्ताद अमीर खाँ १९७४ साली अपघातात गेले, तोवर त्यांचा मारवा आणि दरबारी एलपीवर आलेले होते. मिनिटाला ३३ फेरे घेणाऱ्या या रेकॉर्डवर एका बाजूला वीसेक मिनिटं मिळत. अमीर खाँ, बडे गुलाम अली खाँ, बेगम अख्तर अशा कलावंतांबरोबर जोशींनी काम केलं.

मग स्टिरिओ आला

एलपीमुळे वेळ वाढला, स्टिरिओमुळे जागा वाढली. ॲलन ब्लमलाइन या इंग्रज इंजिनिअरने १९३१ सालीच त्याचं पेटंट मागितलं होतं. तो ईएमआयमध्ये होता. एचएमव्ही त्याच कंपनीचं नाव. रेकॉर्डवरची खाच इंग्रजी 'व्ही'सारखी असते. स्टिरिओत तिच्या एका भिंतीवर डाव्या स्पीकरचा आवाज कोरतात आणि दुसरीवर उजव्या स्पीकरचा. एकच सुई दोन्ही वाचते.

लोकांना ही गंमत पटावी म्हणून खास नमुना रेकॉर्ड निघाल्या. १९५७ च्या अखेरीस अमेरिकेतल्या ऑडिओ फिडेलिटी कंपनीने काढलेल्या रेकॉर्डवर एका बाजूला जॅझ होतं, तर दुसऱ्या बाजूला चक्क आगगाड्यांचे आवाज. गाडी एका स्पीकरमधून दुसऱ्याकडे धडधडत गेली की ऐकणारा थक्क व्हायचा. संग्राहक आजही अशा रेकॉर्ड शोधत असतात.

'कॉल ऑफ द व्हॅली'त आगगाडी नाही. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस तिच्यात रागांमधून उलगडतो. सकाळी अहीरभैरव, शेवटी पहाडी. संतूर, बासरी, गिटार आणि माणिकराव पोपटकरांचा तबला यांतलं प्रत्येक वाद्य वेगळं ओळखू येतं. स्टिरिओचा फायदा इथे चमत्कार म्हणून नाही, तर संगीतासाठी झाला. संतूर आणि गिटार तेव्हा शास्त्रीय संगीतात नवखी वाद्यं होती. तरी रेकॉर्ड देशात खपली आणि परदेशातही गाजली.

जुनी प्रत घेताना संग्राहक क्रमांकाआधीची अक्षरं बघतात. 'ईसीएलपी' म्हणजे मोनो, 'ईसीएसडी' म्हणजे स्टिरिओ.

जोशींनी आपल्या आठवणी 'स्वरगंगेच्या तीरी' या पुस्तकात लिहिल्या. इंग्रजीत त्या १९८४ साली 'डाउन मेलडी लेन' नावाने आल्या. १९९४ साली त्यांचं निधन झालं. त्यांचा स्वतःचा आवाज 'शीळ'च्या रेकॉर्डवर तीन मिनिटं ऐकू येतो. इतरांना मात्र त्यांनी पुष्कळ जास्त वेळ मिळवून दिला.