विश्लेषण : गर्भ का टिकत नाही, याचे कारण शोधणारे डॉ. शिरोडकर कोण होते? आज मधल्या दिवसांत ‘डाग’ दिसल्यास कोणत्या तपासण्या होतात?

मूल हवे आहे, पण दोन पाळ्यांच्या मध्येच रक्ताचे डाग दिसतात. पेण किंवा रोह्यातील एखादी महिला ही तक्रार घेऊन डॉक्टरांकडे गेली, की सोनोग्राफी, एचएसजी, हिस्टेरोस्कोपी अशी नावे कानावर पडतात. या तपासण्यांत नेमके काय करतात, दुखते का, किती वेळ लागतो, हे विचारायचा मात्र संकोच वाटतो. ‘कारण सापडत नाही’ म्हणून सोडून दिलेल्या स्त्रियांचे कारण शोधण्यात ज्यांनी आयुष्य घालवले, त्या डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांचे काम इथे आठवावे असे आहे.

डॉ. शिरोडकर कोण होते?

विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा जन्म २७ एप्रिल १८९९ रोजी गोव्यातील शिरोडा गावी झाला. (सिंधुदुर्गातील, मिठाच्या सत्याग्रहाचे शिरोडा ते हे नव्हे.) गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. शालेय शिक्षण हुबळीत झाले आणि पुढे ते मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात दाखल झाले. १९२३ मध्ये ते एमबीबीएस झाले, तर १९२७ मध्ये प्रसूती व स्त्रीरोगशास्त्रात एमडी. त्यानंतर इंग्लंडला जाऊन १९३१ मध्ये त्यांनी एफआरसीएस ही शल्यचिकित्सेची पदवी मिळवली.

इंग्लंडहून ते मुंबईला परतले. जे. जे. समूहाच्या रुग्णालयांत त्यांनी मानद डॉक्टर म्हणून काम केले. १९४० मध्ये ते ग्रँट मेडिकल कॉलेजात प्रसूती व स्त्रीरोगशास्त्राचे प्राध्यापक झाले.

त्या काळी मूल न होणाऱ्या स्त्रीची तपासणी कशी होत असे?

तेव्हा सोनोग्राफी नव्हती. गर्भाची ध्वनिलहरींनी घेतलेली पहिली चित्रे ग्लासगोचे डॉ. इयान डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केली. त्याआधीच्या डॉक्टरांचा भर रुग्णाची हकिकत, हाताने केलेली तपासणी आणि ‘क्युरेटिंग’ म्हणजे पिशवीच्या आतला थर खरवडून काढणे यांवरच होता.

गर्भनलिका मोकळ्या आहेत का, हे पाहण्यासाठी न्यूयॉर्कचे डॉ. इसिडोर रुबिन यांनी १९२०च्या सुमारास एक चाचणी आणली होती. पिशवीत हळूहळू वायू सोडायचा. नळ्या मोकळ्या असतील, तर तो पोटात उतरतो आणि उठून बसल्यावर खांद्यात कळ येते. पिशवीत औषध सोडून एक्स-रे काढण्याची पद्धतही तेव्हा रुळू लागली होती. आजची एचएसजी तपासणी हे तिचेच सुधारलेले रूप.

तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या रायगडमधून, मुंबईला पोहोचायचे तर धरमतरच्या खाडीतून लाँचने जाणे हा एक मार्ग होता. मोठ्या डॉक्टरांपर्यंत पोहोचणाऱ्या स्त्रिया थोड्या. उरलेल्यांच्या वाट्याला ‘वांझ’ हा शिक्का येई. नवऱ्याची तपासणी करावी, असे घरात कुणाच्या मनातही येत नसे.

‘शिरोडकर टाका’ कसा आला?

काही स्त्रियांना दिवस जात, सुरुवातीचे तीन महिने नीट पार पडत आणि चौथ्या ते सातव्या महिन्यात गर्भ पडे. पुढच्या खेपेस पुन्हा तेच. सक्तीची विश्रांती आणि संप्रेरकांची औषधे देऊनही उपयोग होत नसे. डॉ. शिरोडकरांना वाटू लागले की, यातल्या काही जणींत दोष गर्भात किंवा संप्रेरकांत नसावा. पिशवीचे तोंड आतल्या बाजूने कमकुवत आहे आणि वाढत्या गर्भाचे वजन त्याला पेलत नाही, असे त्यांचे निदान होते.

गर्भ नसताना पिशवीच्या तोंडातून ठरावीक जाडीची सळई अडथळ्याविना आत जाते का, हे पाहून आणि गर्भारपणात तोंडाची प्रत्यक्ष पाहणी करून ही कमजोरी ओळखता येत असे. त्यावर त्यांनी शस्त्रक्रिया बसवली. रुग्णाच्याच मांडीतील स्नायूंवरच्या चिवट पडद्याची पट्टी घ्यायची आणि ती पिशवीच्या तोंडाभोवती, आतल्या बाजूला उंचावर गुंडाळून बांधायची. पुढे अशा टाक्यासाठी कृत्रिम धाग्याची फीत वापरली जाऊ लागली.

१९५५ मध्ये ‘अँटिसेप्टिक’ या भारतीय वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी ही पद्धत मांडली. १९५७ मध्ये ऑस्ट्रेलियाचे डॉ. इयान मॅकडोनल्ड यांनी टाक्याची एक सोपी पद्धत दिली. आजही जगभर ही दोन नावे शेजारी शेजारी घेतली जातात.

म्हणजे रक्त दिसले की टाका, असे आहे का?

नाही, आणि याबाबत गैरसमज बराच आहे. शिरोडकर टाका फक्त पिशवीच्या तोंडाच्या कमजोरीवर आहे. गर्भ राहण्यापूर्वी दिसणारे डाग किंवा पहिल्या तीन महिन्यांतील रक्तस्राव यांवर तो इलाज नव्हे. रक्तस्राव चालू असताना तर टाका सहसा घालत नाहीत. शिरोडकरांच्या यशात शस्त्रक्रियेच्या कौशल्याइतकाच निवडीचा वाटा होता. कोणत्या स्त्रीत नेमका हाच दोष आहे, हे आधी ठरवावे लागे.

हा निर्णय आता सोनोग्राफीमुळे सोपा झाला आहे. गर्भारपणाच्या मधल्या महिन्यांत पिशवीच्या तोंडाची लांबी मिलिमीटरमध्ये मोजतात. ती २५ मिलिमीटरपेक्षा कमी भरली आणि आधी गर्भ पडल्याचा किंवा अकाली प्रसूतीचा इतिहास असला, तर टाक्याचा विचार होतो.

त्यांचे काम टाक्यापुरतेच होते का?

बंद गर्भनलिका शस्त्रक्रियेने मोकळ्या करण्यावर त्यांनी अनेक वर्षे काम केले आणि १९६०च्या दशकात आपले अनुभव परदेशी नियतकालिकांतून मांडले. अंग बाहेर येण्याच्या त्रासात पिशवी न काढता ती वर ओढून धरणारी त्यांची ‘स्लिंग’ शस्त्रक्रियाही प्रसिद्ध आहे. ज्या तरुण स्त्रीला अजून मूल हवे आहे, तिच्यासाठी हा फार मोठा दिलासा होता. कुटुंबनियोजनाच्या चळवळीतही ते होते. मूल हवे की नको आणि हवे तर केव्हा, या दोन्ही बाजूंनी त्यांनी काम केले.

आज डाग दिसले तर तपासणी कुठून सुरू होते?

सगळ्यात आधी गर्भधारणा चाचणी. डाग म्हणजे पाळीच असे गृहीत धरल्याने सुरुवातीचे किंवा नळीत राहिलेले गरोदरपण निसटू शकते.

त्यानंतर हकिकत. डाग कोणत्या तारखेला दिसले, लाल की तपकिरी, किती दिवस, शरीरसंबंधानंतर दिसतात का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, अशी दोन-तीन महिन्यांची नोंद मोबाइलमध्ये ठेवली तरी डॉक्टरांचे निम्मे काम होते. मग पिशवीच्या तोंडाची पाहणी आणि गरजेप्रमाणे पॅप स्मिअर, म्हणजे तोंडावरील पेशींची तपासणी. यात दाब जाणवतो, पण दोन-चार मिनिटांत काम होते.

रक्तात हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन पाहतात. प्रोजेस्टेरॉनची तपासणी पुढची पाळी येण्याच्या साधारण आठवडाभर आधी करतात. स्त्रीबीज बाहेर पडले की नाही, हे त्यातून कळते.

सोनोग्राफी पोटावरून करायची असेल, तर लघवी भरलेली लागते. योनीमार्गातून करायची असेल, तर लघवी करून यावे लागते. दुसऱ्या पद्धतीत पिशवीतला मस्सा (पॉलिप), गाठ, अस्तराची जाडी आणि बीजकोश अधिक स्पष्ट दिसतात. तिला साधारण १० ते १५ मिनिटे लागतात.

एचएसजी, हिस्टेरोस्कोपी आणि बायोप्सीत काय होते?

*एचएसजी :* पिशवीच्या तोंडातून बारीक नळीने औषध सोडतात आणि एक्स-रे काढतात. पिशवीचा आतला आकार आणि नळ्या मोकळ्या आहेत का, हे त्यात दिसते. पाळी थांबल्यावर, साधारण सातव्या ते दहाव्या दिवसादरम्यान ही तपासणी करतात. पाळी आल्यापासून तपासणीपर्यंत संबंध टाळायला सांगतात. औषध आत जाताना पाळीसारख्या कळा येतात, म्हणून तासभर आधी वेदनाशामक गोळी देतात. आयोडीनची अॅलर्जी किंवा ओटीपोटात जंतुसंसर्ग असेल, तर आधी सांगणे गरजेचे आहे.

*हिस्टेरोस्कोपी :* बारीक दुर्बीण पिशवीच्या तोंडातून आत घालतात. पोटावर काप नसतो. मस्सा किंवा चिकटलेला पडदा दिसला, तर बऱ्याचदा त्याच वेळी काढता येतो. भूल देणार असतील, तर उपाशीपोटी यावे लागते, पण बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी जाता येते.

*बायोप्सी :* पिशवीच्या अस्तराचा छोटा नमुना घेतात. पूर्वी त्यासाठी सर्रास भूल देऊन क्युरेटिंग होई. आता अनेकदा पातळ नळीने काही मिनिटांत काम होते. क्षणभर जोराची कळ येते. आपल्याकडे या नमुन्यात क्षयरोगही शोधतात. पिशवीचा आणि नळ्यांचा क्षय खोकला नसतानाही असू शकतो आणि वंध्यत्वाचे ते एक कारण आहे.

*लॅपरोस्कोपी :* पोटावर लहान छेद घेऊन, पूर्ण भूल देऊन करतात. एन्डोमेट्रिओसिस किंवा नळ्यांच्या दोषाचा संशय असेल तरच ती सुचवली जाते. प्रत्येकीला तिची गरज नसते.

एचएसजी, हिस्टेरोस्कोपी आणि बायोप्सीनंतर एक-दोन दिवस थोडे डाग दिसणे नेहमीचे आहे.

पेण-रोह्याहून जाणाऱ्या महिलेने काय लक्षात ठेवावे?

पेण आणि रोहा येथे सरकारी उपजिल्हा रुग्णालये आहेत, तर जिल्हा रुग्णालय अलिबागला. प्राथमिक तपासणी जवळ करून घ्यावी. दुर्बिणीच्या तपासणीसाठी अलिबाग, पनवेल किंवा मुंबई गाठावी लागू शकते. अशा प्रत्येक फेरीत एका दिवसाची मजुरी किंवा रजा जाते. म्हणून कोणती तपासणी पाळीच्या कोणत्या दिवशी करायची, हे आधीच विचारून घ्यावे. चुकीच्या दिवशी गेल्यास एचएसजी होत नाही आणि महिना वाया जातो. जुने रिपोर्ट आणि फिल्म बरोबर न्याव्यात, म्हणजे त्याच तपासण्या पुन्हा कराव्या लागत नाहीत.

ही तपासणी का, यातून काय कळेल आणि निकाल आल्यावर उपचार बदलणार का, हे तीन प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावेत. संमतीपत्रावर सही करण्यापूर्वी ते वाचून किंवा वाचून घेऊन समजून घ्यावे.

नवऱ्याची वीर्य तपासणी सुरुवातीलाच व्हावी. दोन ते सात दिवसांच्या संयमानंतर नमुना द्यायचा असतो. या तपासणीला ना भूल लागते, ना टाका. ती न करता बायकोला भूल देऊन दुर्बीण घालणे हा उलटा क्रम आहे.

तातडीने रुग्णालयात केव्हा जावे?

पाळी चुकलेली असताना डाग आणि पोटात एका बाजूला तीव्र वेदना, चक्कर किंवा खांद्यात कळ असेल, तर नळीतील गर्भाचा धोका असतो. तासाला पॅड भिजेल इतका रक्तस्राव होत असेल किंवा तपासणीनंतर ताप, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा वाढत जाणारी पोटदुखी असेल, तरीही दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

शिरोडकरांचे पुढे काय झाले?

१९६० मध्ये त्यांना पद्मभूषण आणि १९७१ मध्ये पद्मविभूषण मिळाले. त्याच वर्षी ७ मार्चला त्यांचे निधन झाले. त्यांच्या हयातीत सोनोग्राफी नुकतीच येऊ लागली होती आणि आजची बारीक दुर्बीण तर नव्हतीच. तरीही वारंवार गर्भ पडणाऱ्या स्त्रीला त्यांनी नशिबाच्या हवाली केले नाही. तिच्या हकिकतीतून, हाताच्या तपासणीतून दोष नेमका कुठे आहे ते शोधले आणि मगच टाका घातला.

आज ‘कारण कळत नाही’ असे सांगितले जाते, तेव्हा अनेकदा एखादी तपासणी राहिलेली असते किंवा ती चुकीच्या दिवशी झालेली असते. क्वचित सगळ्या तपासण्या करूनही कारण सापडत नाही. तेव्हाही मस्सा नाही, क्षय नाही, नळ्या मोकळ्या आहेत, एवढे तरी कागदावर येते आणि पुढचा उपचार त्यावरून ठरवता येतो.