मातीतला केमिकल इंजिनिअर

ॲझोटोबॅक्टर हे नाव शेतकऱ्यांच्या मुलांनी कृषी केंद्रातल्या पाकिटावर वाचलं असेल. पण तो शोधणारा माणूस आपल्याच लाइनचा, म्हणजे इंजिनिअर होता, हे किती जणांना ठाऊक आहे?

मार्टिनस बायरिंक यांचा जन्म 1851 साली ॲमस्टरडॅमला झाला. वडिलांचा तंबाखूचा धंदा बुडाला आणि घरी ओढाताण सुरू झाली. तरीही 1872 मध्ये ते डेल्फ्टच्या पॉलिटेक्निकमधून केमिकल इंजिनिअर झाले. तिथला त्यांचा दोस्त व्हान्ट हॉफ पुढे रसायनशास्त्राचं पहिलं नोबेल घेऊन गेला! बायरिंकना मात्र वेड झाडापानांचं. आधी शेतकी शाळेत शिकवलं, मग 1885 पासून डेल्फ्टच्या यीस्ट कारखान्यात नोकरी केली. तिथे असतानाच 1888 मध्ये त्यांनी कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू वेगळे काढून वाढवले.

पण ज्वारी-बाजरीच्या मुळांना अशा गाठी नसतात. मग त्यांचं काय? 1901 मध्ये डेल्फ्टला प्राध्यापक असताना त्यांनी भन्नाट युक्ती वापरली. मातीतल्या जिवाणूंना बाकी सगळं खायला दिलं, फक्त नायट्रोजनचं संयुग दिलं नाही. ज्याला हवेतला नायट्रोजन घेता येईल, तोच वाढणार. वाढला तो ॲझोटोबॅक्टर! खत कारखान्यात याच कामाला चारशे-पाचशे अंश तापमान आणि प्रचंड दाब लागतो. हा जीव ते साध्या मातीत करतो, हे वाचून मी थक्कच झाले.

माणूस स्वभावाने कडक. लग्न केलं नाही, विद्यार्थ्यांना जाम धाक. 1921 मध्ये सत्तराव्या वर्षी ते निवृत्त झाले आणि 1931 मध्ये वारले.

आपल्या जळगाव-धुळ्याकडे ज्वारी, बाजरी, मका पेरताना 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम ॲझोटोबॅक्टर चोळायची शिफारस असते. गुळाच्या थंड पाण्यातून लावायचं, सावलीत सुकवायचं आणि लगेच पेरायचं. पण हे पाकीट म्हणजे जादूची पुडी नव्हे. त्याने युरियाची थोडी बचत होते, युरिया बंद होत नाही. पाकीट उन्हात राहिलं तर आतले जिवाणू मरतात. आणि शेणखत, काडीकचरा न मिळालेल्या जमिनीत ते उपाशीच राहतात.

बायरिंकनी जिवाणूला आधी खायला दिलं, मग त्याच्याकडून काम घेतलं. आपण पाकीट विकत आणतो, पण काडीकचरा बांधावर जाळून टाकतो. मग पाकिटाला नावं ठेवण्यात काय अर्थ?