जोसेफ ब्रामा आणि न गळणारा प्रेस

अपघातात चेपलेल्या गाडीत माणूस अडकला की दार हाताने उघडत नाही. करवतीला वेळ लागतो, आणि गॅस कटरच्या ठिणगीने सांडलेलं पेट्रोल पेट घेऊ शकतं. अशा वेळी रेस्क्यू टीम हायड्रॉलिक हत्यारं बाहेर काढते. कटर छताचे खांब कापतो, स्प्रेडर दाराच्या फटीत चोच घालून ते फाकवतो, आणि पायांवर आलेला डॅशबोर्ड रॅम मागे ढकलतो. अमेरिकेच्या जॉर्ज हर्स्टने 1960 च्या दशकात मोटार शर्यतीतल्या ड्रायव्हरांसाठी असं हत्यार बनवायला घेतलं. पुढे ते 'जॉज ऑफ लाइफ' या नावाने जगभर पोचलं.

पण मित्रांनो, या हत्याराच्या पोटातलं सिलिंडर दोनशे वर्षांहून जुनं आहे. ते ज्याने दिलं, त्याचं नाव आपल्या पुस्तकात एका ओळीत उरकतं. तो म्हणजे जोसेफ ब्रामा.

ब्रामाचा जन्म 1748 चा, इंग्लंडमध्ये यॉर्कशायर परगण्यातल्या बार्न्सलीजवळचा. घरची शेती. पोराने नांगर धरायचा हे ठरलेलंच. पण सोळाव्या वर्षाच्या सुमारास घोट्याला जबर दुखापत झाली आणि शेतीचा मार्ग बंद झाला. मग गावातल्या सुताराकडे उमेदवारी! तिथून लाकूडकाम शिकून स्वारी लंडनला गेली. श्रीमंतांच्या घरी संडास बसवायचं काम मिळालं. ते करता करता त्यातले दोष दिसले आणि 1778 मध्ये ब्रामाने सुधारित फ्लश संडासाचं पेटंट घेतलं.

1784 मध्ये आलं त्याचं कुलूप. हे कुलूप उघडून दाखवेल त्याला 200 गिनी, असं आव्हान लिहून ते त्याने पिकॅडिलीच्या दुकानात मांडलं. ते उघडलं थेट 1851 मध्ये, हॉब्ज नावाच्या अमेरिकन माणसाने, आणि त्यालाही 16 दिवसांत मिळून 51 तास लागले! असं कुलूप हाताने एकेक घडवणं परवडेना. म्हणून 1789 मध्ये ब्रामाने हेन्री मॉडस्ले या अवघ्या 18 वर्षांच्या कारागिराला कामावर घेतलं.

आता प्रेसकडे येऊ. बंद द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे पास्कलचं म्हणणं 1663 मध्येच छापून झालं होतं. लहान पिस्टनवर थोडं बळ लावा, मोठ्या पिस्टनवर कितीतरी पट मिळेल. सूत्र सोपं. मग त्याचं उपयोगी यंत्र व्हायला 1795 का उजाडलं?

कारण गळती. दाब वाढला की पाणी पिस्टनच्या कडेने बाहेर यायचं. पॅकिंग ठासून भरलं तर पाणी थांबायचं, पण पिस्टनही अडकायचा, दाब काढला तरी परत खाली येईना. यावर उपाय निघाला चामड्याच्या एका कड्याचा. त्याचा छेद उलट्या 'यू' सारखा. दाबाखालचं पाणी त्या 'यू' च्या पोकळीत शिरतं आणि त्याच्या दोन्ही कडा पिस्टनवर आणि सिलिंडरवर दाबून धरतं. दाब जितका जास्त, तितकं सील घट्ट. दाब गेला की कडा सैल, पिस्टन मोकळा! ही युक्ती मॉडस्लेची, असं त्याचा शिष्य जेम्स नेस्मिथ याने लिहून ठेवलं आहे. पेटंट मात्र ब्रामाच्या नावावर.

मॉडस्लेला आठवड्याला 30 शिलिंग मिळत. संसार वाढला तसा त्याने पगार वाढवून मागितला. ब्रामाने नकार दिला. 1797 मध्ये मॉडस्ले बाहेर पडला, त्याने स्वतःचा कारखाना काढला आणि तो मशीन टूल्सचा मोठा माणूस ठरला. ज्याने प्रेसची गळती थांबवली, तोच ब्रामाच्या हातून निसटला!

ब्रामा मात्र थांबला नाही. 1806 मध्ये त्याने बँक ऑफ इंग्लंडच्या नोटांवर नंबर छापणारं यंत्र केलं. शेवटही कामावरच झाला. हॅम्पशायरच्या होल्ट जंगलात त्याच्याच प्रेसने झाडं मुळासकट उपटायचं काम चालू होतं. तिथे देखरेख करताना थंडी बाधली आणि 9 डिसेंबर 1814 रोजी तो गेला. 1849 मध्ये वेल्समधल्या ब्रिटानिया पुलाचे अजस्र लोखंडी गर्डर हायड्रॉलिक प्रेसनेच वर चढवले गेले. ते पाहायला ब्रामा नव्हता.

आता थोडा हिशोब. आजची बरीच रेस्क्यू हत्यारं सुमारे 700 बारवर चालतात, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला 70 न्यूटन. पिस्टनचा व्यास 70 मिमी धरला तर बळ येतं जवळपास 270 किलोन्यूटन, साधारण 27 टन! स्प्रेडरच्या लांब बाहूंमुळे टोकाशी ते बरंच कमी भरतं, तरी दार फाकवायला पुरतं. पाण्याच्या जागी तेल आलं, चामड्याच्या जागी रबर आणि पॉलिमर. पण दाबानेच घट्ट होणाऱ्या सीलचं तत्त्व तेच राहिलं.

सूत्र आपण परीक्षेत दोन मार्कांना लिहितो. पण सील गळलं तर सूत्र कितीही बरोबर असो, गाडीतला माणूस आतच राहतो. तेव्हा लॅबमधल्या जॅकखाली तेलाचा डाग दिसला तर नुसता पुसून मोकळे होऊ नका. सील उघडून बघा!