पायाखालच्या मातीचे शास्त्रकार : कार्ल टेरझागी

माळव्यात, बेळगावच्या पूर्व भागात किंवा वडोदऱ्याच्या परिसरात काळ्या जमिनीवर घर बांधणाऱ्यास एक अनुभव चुकत नाही. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतींना तडे जातात. मातीचे बळ पाण्यामुळे कसे बदलते, याचे शास्त्र उभे केले ते कार्ल टेरझागी यांनी.

२ ऑक्टोबर १८८३ रोजी प्राग येथे लष्करी अधिकाऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. १९०४ मध्ये ग्राझ येथे यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन ते बांधकामाकडे वळले. त्या काळी पाया घालणे हा अनुभवाचा आणि अंदाजाचा विषय होता. १९१२ पासून अमेरिकेतील धरणांची कामे पाहत ते हिंडले. परंतु सर्वत्र लागू पडेल असा नियम हाती आला नाही.

१९१६ मध्ये ते इस्तंबूल येथे अध्यापक झाले. महायुद्धातील पराभवानंतर ते पद गेले. तेव्हा तेथीलच रॉबर्ट कॉलेजात, घरगुती वस्तूंतून बनवलेल्या उपकरणांवर, त्यांनी चिकणमातीचे प्रयोग चालविले. ओल्या मातीवरील भार कण आणि पाणी वाटून घेतात. मातीचे बळ मात्र कणांनी पेललेल्या भारावरच अवलंबून असते. पाणी सावकाश निसटते, म्हणून इमारती वर्षानुवर्षे खचत राहतात. हा सिद्धान्त मांडणारा त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला.

१९२९ मध्ये ते व्हिएन्नास प्राध्यापक झाले. तेथील सहकारी पाउल फिलुंगर यांनी या सिद्धान्तावर जाहीर व कडवट हल्ला चढविला. चौकशी समितीने टेरझागींचा पक्ष ग्राह्य धरला. मात्र १९३७ मध्ये फिलुंगर दांपत्याने आत्महत्या केली. विद्वत्तेच्या वादाचा असा शोचनीय शेवट झाला. १९३८ मध्ये टेरझागींनी ऑस्ट्रिया सोडला आणि पुढे हार्वर्ड येथे अध्यापन केले. २५ ऑक्टोबर १९६३ रोजी त्यांचे निधन झाले.

काळ्या मातीतील माँटमोरिलोनाइट हे खनिज आपल्या थरांत पाणी ओढून घेते. थर दूर सरकतात, माती फुगते आणि तिचे बळ घटते. आज त्यावर चुना मिसळून फुगवटा कमी करतात, पाया भोवतीच्या पाण्यापासून राखतात, अथवा ओल फारशी बदलत नाही त्या खोलीवर पाइल टेकवितात. यांपैकी कोणताही उपाय योजण्यापूर्वी माती तपासावी लागते. ती तपासणी टाळून वाचविलेला पैसा पुढे तडे बुजविण्यात जातो.