आंबट म्हणजे एकच नाही: कार्ल शेले आणि सायट्रिक ॲसिड

सॉफ्ट ड्रिंकची बाटली, जॅमची बरणी, सरबताचं पाकीट, यातलं काहीही हातात घ्या आणि मागचं लेबल फोनच्या कॅमेऱ्यात झूम करून वाचा. आम्लता नियंत्रक या शब्दाशेजारी बहुतेक वेळा एक नंबर दिसेल: ३३०. म्हणजे सायट्रिक ॲसिड, काही जण ज्याला लिंबूसत्व म्हणतात ते. लिंबाच्या रसातून ते पहिल्यांदा स्फटिकांच्या रूपात वेगळं काढलं गेलं १७८४ साली. ना कारखान्यात, ना युनिव्हर्सिटीत. स्वीडनमधल्या शोपिंग नावाच्या छोट्या गावातल्या औषधाच्या दुकानात. दुकान चालवणाऱ्याचं नाव कार्ल विल्हेल्म शेले.

शेलेचा जन्म डिसेंबर १७४२ चा, श्ट्रालझुंड या बंदरातला. हे गाव आज जर्मनीत आहे, तेव्हा ते स्वीडनच्या ताब्यात होतं. अकरा भावंडांतला हा सातवा. चौदाव्या वर्षी त्याला गोथेनबर्गच्या एका औषधवाल्याकडे उमेदवारीला ठेवलं आणि त्याचं शिक्षण म्हणाल तर ते एवढंच. आजच्या मेडिकल स्टोअरसारखं चित्र मात्र डोळ्यांसमोर आणू नका. तेव्हाचा औषधवाला औषधं स्वतः बनवायचा. कुटणं, गाळणं, आटवणं, अर्क काढणं सगळं दुकानातच. भट्टी, काचेची भांडी, तीव्र आम्लं, पारा, सगळं हाताशी. दिवसभर दुकानाचं काम करायचं आणि उरलेल्या वेळात मालकाचीच पुस्तकं वाचून प्रयोग करायचे, असं त्याने तिथे आठ वर्षं केलं.

पुढे माल्मो, स्टॉकहोम, उप्साला अशी नोकरीची गावं बदलत गेली. उप्सालामध्ये टॉर्बर्न बर्गमन या नामवंत प्राध्यापकाशी त्याची ओळख झाली आणि ती टिकली. १७७५ मध्ये स्वीडनच्या विज्ञान अकादमीने त्याला सदस्य करून घेतलं, तेव्हा त्याच्याकडे औषधवाल्याची परीक्षा पास झाल्याचा कागदही नव्हता. ती परीक्षा त्याने दोन वर्षांनी दिली.

ऑक्सिजनची गोष्ट सगळे सांगतात, म्हणून थोडक्यात. शेलेने तो प्रीस्टलीच्या आधी, साधारण १७७१-७२ च्या सुमारास मिळवला होता. पण त्याचं पुस्तक छापून आलं १७७७ मध्ये आणि तोवर प्रीस्टलीने आपलं काम प्रसिद्ध करून टाकलं होतं. कोड लॅपटॉपवर तयार, पण पुश करायला पाच वर्षं, असा हा प्रकार. क्लोरिन वायूही पहिल्यांदा त्यानेच तयार केला, १७७४ मध्ये. पण ते मूलद्रव्य आहे हे ओळखलं हम्फ्री डेव्हीने, पुढच्या शतकात.

मला शेलेचं खरं मोठेपण दिसतं ते त्याच्या आंबट कामात. त्याच्या आधी वनस्पतींमधल्या आंबटपणाचा उलगडा फारसा झालेला नव्हता. शेलेने एकेक आंबट पदार्थ घेतला आणि त्यातलं आम्ल बाहेर काढलं. द्राक्षाच्या दारूच्या पिंपात जमणाऱ्या खरपुडीतून टार्टारिक ॲसिड, जे आपल्या चिंचेतही भरपूर असतं. आंबलेल्या दुधातून लॅक्टिक ॲसिड, म्हणजे दह्याताकाचा आंबटपणा. १७८४ मध्ये लिंबातून सायट्रिक आणि १७८५ मध्ये सफरचंदातून मॅलिक. चिंच, दही, लिंबू आणि सफरचंद चवीला सगळेच आंबट, पण आतली मुख्य आम्लं चार वेगळी.

लिंबाची अडचण अशी की रसात आम्लाबरोबर साखर, क्षार, चिकट गर असं बरंच काही असतं. रस नुसता आटवत गेलात तर शेवटी काकवीसारखं काहीतरी उरतं, स्फटिक काही मिळत नाहीत. शेलेने वळसा घेतला. आम्ल सरळ पकडता येत नाही ना, मग आधी ते अशा गोष्टीला चिकटवायचं की जोडी पाण्यात विरघळणारच नाही.

गरम रसात त्याने खडूची पूड टाकली. हा नैसर्गिक खडू, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. रस फसफसतो, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि आम्लाचं कॅल्शियम सायट्रेट होतं. हे गरम पाण्यात थंड पाण्यापेक्षाही कमी विरघळतं, म्हणून ते पांढऱ्या साक्यासारखं तळाशी बसतं. साखर आणि बाकीचा पसारा पाण्याबरोबर ओतून टाकायचा, साका धुऊन घ्यायचा. मग त्यात पातळ सल्फ्युरिक ॲसिड घालायचं. आता कॅल्शियम सल्फ्युरिककडे जातं, त्याचं जिप्सम होऊन खाली बसतं आणि सायट्रिक ॲसिड पाण्यात मोकळं होतं. गाळा, आटवा, थंड करा की पांढरे स्फटिक तयार. गोंधळातल्या डेटावर टॅग लावायचा, फिल्टर मारायचा आणि शेवटी टॅग काढून टाकायचा, तसंच हे.

या स्फटिकांना वास नाही, रंग नाही आणि पाण्यात ते भरपूर विरघळतात. १०० मिलीलिटर पाण्यात साध्या तापमानालाही चांगले दीडशे ग्रॅमच्या आसपास मावतात. एका रेणूत आम्लाचे तीन गट असतात. त्यामुळे ते नुसतं आंबट करत नाही, तर लोखंड, तांबं अशा धातूंच्या आयनांना धरूनही ठेवतं. कापलेलं सफरचंद ज्या एन्झाइममुळे काळं पडतं त्याला तांबं लागतं, म्हणून लिंबू चोळलं की फोडी जास्त वेळ पांढऱ्या राहतात. दूध पुरेसं आंबट झालं की केसीन हे प्रथिन गोळा होतं, ते पनीर. साखरेच्या पाकात लिंबू पिळतात कारण आम्ल आणि उष्णतेने थोडी साखर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये तुटते आणि पाक खडबडीत होत नाही. जॅममध्ये पेक्टिन घट्ट बसायलाही आंबटपणा लागतो. इनोच्या पाकिटावर निंबुकाम्लम लिहिलेलं असतं, तेही हेच. पाणी पडलं की ते सोड्याशी भिडतं आणि फेस येतो. एक गैरसमज मात्र काढून टाका: सायट्रिक ॲसिड म्हणजे व्हिटॅमिन सी नव्हे. लिंबात दोन्ही असतात, पण पदार्थ वेगळे. ३३० लिहिलं आहे म्हणून ड्रिंक पौष्टिक ठरत नाही.

तेव्हा पदार्थ ओळखायला मशीन नव्हती. रंग, वास आणि जीभ, एवढीच साधनं. शेले जे बनवायचा ते चाखायचा. लिंबाच्या आम्लापर्यंत ठीक होतं. पण १७८२-८३ मध्ये त्याने हायड्रोजन सायनाइड तयार केलं आणि त्याचा वास आणि चव दोन्ही नोंदवली! ते किती जहरी आहे हे त्याला माहीत नव्हतं. शिवाय आर्सेनिक, पारा, शिसं रोजच हाताखाली. त्याने शोधलेल्या हिरव्या रंगात तर आर्सेनिकच होतं आणि तो रंग पुढे कित्येक वर्षं घरांच्या वॉलपेपरवर चढत राहिला.

सायट्रिक ॲसिडनंतर दोनच वर्षं तो जगला. मूत्रपिंडाचा आजार, सांधेदुखी, त्वचेचा त्रास. विषारी पदार्थांचा यात हात असावा असं अनेक जण मानतात. शोपिंगचं दुकान मूळ मालकाच्या विधवेकडून त्याच्याकडे आलं होतं. मृत्यूच्या दोनच दिवस आधी त्याने तिच्याशी लग्न केलं, म्हणजे दुकान कायद्याने पुन्हा तिच्या नावावर राहील. २१ मे १७८६ ला तो गेला, वय ४३.

त्याची पद्धत मात्र चालू राहिली. एकोणिसाव्या शतकात इटलीत लिंबाच्या रसापासून कॅल्शियम सायट्रेट बनवण्याचा मोठा धंदा उभा राहिला. १९१७ मध्ये अमेरिकेत जेम्स करी याने दाखवलं की ॲस्परजिलस नायजर ही बुरशी साखरेपासून भरपूर सायट्रिक ॲसिड बनवते. कांद्याच्या सालीवर जी काळी पूड दिसते, ती बहुतेक वेळा हीच बुरशी. १९१९ मध्ये फायझरने त्यावर उत्पादन सुरू केलं आणि लिंबाची गरज संपली. आज पाकिटातलं सायट्रिक ॲसिड जवळपास सगळं असंच, मळी किंवा मक्याच्या साखरेवर बनतं. टाकीतलं द्रावण गाळून बुरशी बाजूला काढतात. पुढे अनेक कारखान्यांत त्यात चुना घालतात, साका धुतात, मग सल्फ्युरिक ॲसिड. शेवटी एका बाजूला स्फटिक आणि दुसऱ्या बाजूला जिप्समचे ढीग.